पहाटेची गोळी

"मामा मेला," गिडियन म्हणाला. "त्याच्या बायकोला आम्ही कोंडून ठेवलंय. यायचं असेल तर दफनाच्या आधी या. नंतर आलात तर आमचं आम्ही उरकलेलं असेल."

सार्जंट इनिड लेबासीनं सोलायला घेतलेली सुपारी टेबलावर ठेवली. मुख्य बेटावरच्या अलोताऊच्या ठाण्यात खून करून सांगायला आलेले लोक तिनं पाहिले होते. खून करण्याआधी निरोप द्यायला आलेला हा पहिलाच.

"उरकलेलं म्हणजे काय रे?"

"समजायचं ते समजा."

वाबुना बेटावर मोबाईल चालत नाही, आणि रेडिओवर बोललेलं सगळी बेटं ऐकतात. म्हणून हा भाचा स्वतः होडी हाकत आला होता. अलोताऊला उतरल्यावर आधी त्यानं परदेशात, केर्न्सला, मामाच्या मुलीला फोन केला होता, आणि तिनंच त्याला दम भरला होता, की पोलिसांना सांगितल्याशिवाय कुणाला हात लावायचा नाही. नाहीतर हा गडी कसला ठाण्याची पायरी चढतोय.

ती मुलगी, मर्सी, दुसऱ्या दिवशी विमानानं आली आणि धक्क्यावरून थेट पोलिसांच्या होडीत चढली. केर्न्सच्या एका इस्पितळात ती नर्स होती. वाटेत तिनं रडणं काही केलं नाही. ओठ आवळून समुद्राकडे बघत बसली आणि मध्येच एकेक वाक्य फेकत राहिली.

"बाबांना प्लेटलेटचा आजार होता. रक्त गोठायचं नाही. गोळी मी पाठवायचे. रोज रात्री झोपताना एक. त्या गोळीवर ते ठणठणीत झाले होते, सार्जंट. मागच्या तपासणीत सगळं उत्तम होतं. नंतर समुद्र खवळला आणि तपासणीला येणं राहिलं."

"गोळी चुकली तर?"

"एखाद्या दिवशी चुकली तर काही नाही. कुणी पद्धतशीर बंद केली तर जीव जातो." तिनं पहिल्यांदा इनिडकडे पाहिलं. "आणि ती बंद करणारी घरातच होती. नेटी. माझ्यापेक्षा लहान आहे, आणि माझी आई म्हणवते. तिला सोडलंत तर मी गिडियनच्या बाजूनं उभी राहीन, आताच सांगून ठेवते."

इनिडला एवढं कळलं, की बेटावर आपलं म्हणावं असं त्या नेटीचं कुणी उरलेलं नाही. दफन संध्याकाळी होतं.

ओबेद तौवालाला त्याच्या घराच्या ओसरीवर चटईवर निजवलं होतं. थोराड माणूस. स्वतःची होडी, गावच्या पंचायतीत न्यायाधीशाची खुर्ची, आणि आवाज असा की शेजारच्या बेटावर ऐकू जावा. आता नाकाखाली रक्त सुकलं होतं, दंडांवर काळेनिळे वळ होते, कपाळावर टेंगूळ. पहाटे तो दारातच आडवा सापडला होता.

"बघा," गिडियन म्हणाला. "झोडपलंय त्याला."

"कुणी? नेटीनं?" इनिड म्हणाली. "तिच्या दोन मनगटांची मिळून याचं एक मनगट होईल."

मर्सी खाली बसली. तिनं बापाच्या पायावरचं कापड सरकवलं. नडग्यांवर बारीक लाल टिपके होते, कुणी टाचणीनं रांगोळी घातल्यासारखे. तिनं दाबून पाहिले. पुसट झाले नाहीत.

"कुणी मारलेलं नाही," ती हळूच म्हणाली. "हे रक्त आतून झिरपलंय. कपाळ चौकटीला आपटलं असेल. तुमचंमाझं आपटलं असतं तर आपण शिवी घालून पुढे गेलो असतो. यांच्या डोक्यात रक्त साचत गेलं असणार."

पुढे इस्पितळाच्या डॉक्टरांनी हेच सांगितलं, पण ते पुढे.

"मला नीट सांग," इनिड म्हणाली. "ही गोळी करते काय? मी शाळा सोडून जमाना झाला."

मर्सीनं सांगितलं, आणि सांगताना ती मुलगी राहिली नाही, नर्स झाली. हाडांच्या आत जो मगज असतो, त्यात मोठाल्या पेशी असतात. त्या पिकल्या की त्यांचे बारीक तुकडे सुटून रक्तात येतात. त्या प्लेटलेट. कुठे शीर फुटली की त्या धावतात आणि भोक बुजवतात, होडीच्या फटीत डिंक भरतो तसं. ओबेदच्या अंगातली राखणदार फौज वेडी झाली होती आणि आपल्याच प्लेटलेट खात सुटली होती. गोळी त्या फौजेला हात लावत नाही. ती मगजातल्या मोठ्या पेशींना जाऊन उठवते. शरीराचं स्वतःचं एक द्रव्य असतं, ते त्या पेशींचं दार ठोठावतं आणि माल काढा म्हणतं. गोळी तेच दार ठोठावते, फक्त दुसऱ्या बाजूनं. मग पेशी इतक्या प्लेटलेट सोडतात की खाणाऱ्यांना त्या संपवता येत नाहीत.

"आणि ठोठावणं थांबलं की?"

"काही दिवसांत सगळं खाली येतं. कधीकधी आधी होतं त्याहून खाली."

"म्हणजे मारणाऱ्यानं काही द्यायलाच नको. फक्त गोळी पोचू द्यायची नाही."

"तेच तर सांगतेय मी," मर्सी म्हणाली आणि अंगणापलीकडच्या खोपीकडे तिनं असं पाहिलं, की गिडियनच्या माणसांनी आपोआप कोयते उचलले.

त्या खोपीत, रताळ्यांच्या ढिगाशेजारी, नेटी बसली होती. ओठ फुटलेला. इनिडनं सगळ्यांना बाहेर काढलं, मर्सीलासुद्धा, आणि दार लावून घेतलं.

"गोळ्या कुणाकडे असायच्या?"

"माझ्याकडे."

"द्यायचं कोण?"

"मीच. आधी रात्री द्यायचे. मग मर्सीचा निरोप आला, की डॉक्टरांनी वेळ बदललीय, पहाटे उठल्याउठल्या द्या. तेव्हापासून पहाटे."

"गिळायचा का तो? की तोंडात धरून थुंकायचा?"

"गिळायचा. मेशाककाकांना विचारा. रोज पहाटे ते ओसरीवर बसलेले असायचे. त्यांच्या डोळ्यांदेखत गिळायचा."

"खाण्यापिण्याचं काही पथ्य?"

"दूध नको म्हणाले होते. चहातली दूधपावडर मी बंद केली. तो कुरकुर करायचा, पण मी घरात डबाच ठेवला नाही."

इनिडनं उरलेल्या गोळ्यांची पाकिटं पाहिली. खऱ्या, सीलबंद, रिकामे खण दिवसांशी जुळणारे. म्हणजे एक तर या पोरीनं रोज एक गोळी समुद्रात टाकली होती, किंवा ती खरं बोलत होती.

"तुला त्याचा राग होता?"

नेटीनं जरा विचार केला. "माझ्या बापानं मला दिली तेव्हा होता. नंतर सवय झाली. तो मला मारायचा नाही." मग ती म्हणाली, "दफन झालं की हे मला मारतील ना?"

"मी इथे आहे," इनिड म्हणाली. तिच्यासोबत आलेला शिपाई एकच होता, आणि तोही समुद्र लागून किनाऱ्यावर ओकत बसला होता. आपल्या बोलण्याला किती वजन आहे हे तिला पुरतं ठाऊक होतं.

बाहेर येऊन तिनं गिडियनला गाठलं. आमच्याकडे वारसा मुलांकडे जात नाही, बहिणीच्या मुलांकडे जातो. होडी आता गिडियनची होती. तिनं ते त्याला तोंडावर ऐकवलं.

"होडी मला मिळणारच होती," तो म्हणाला. "आज काय, उद्या काय. मामाच्या जिवावर मी लहानाचा मोठा झालो. माझ्यावर संशय घ्यायचाय तर खुशाल घ्या, पण त्या बाईला मी सोडणार नाही."

तो उद्धट होता, पण रडून त्याचे डोळे सुजले होते. इनिडनं त्याला मनातून बाजूला काढलं. साप म्हणून भुई धोपटण्याइतका वेळ तिच्याकडे नव्हता.

"मामाचं कुणाशी वैर होतं?"

"होतं. मेशाकशी. पण ते मिटलं."

"कशावरून होतं?"

गिडियन जरा चाचरला. मेशाकची बायको अडेला बाळंतपणात अडली होती. गावात होडी एकच, मामाची. मामानं ती दिली नाही. अडेला ओसरीवर रक्त वाहून गेली, पोरही गेलं. त्यानंतर मेशाक मामाशी अवाक्षर बोलला नाही. समोरून आला की वाट बदलायचा.

"होडी का दिली नाही?"

"कामात होती," गिडियन म्हणाला आणि पायानं वाळू उकरायला लागला.

"आणि मिटलं कसं?"

"मेशाक स्वतःहून आला. मामा आजारातून उठला, हिरड्यांतलं रक्त थांबलं, धक्क्यावर हसायबोलायला लागला, तेव्हा. पाद्र्यांसमोर दोघांनी डुकरं दिली-घेतली आणि एका चुनाळ्यातून सुपारी खाल्ली. झालं गेलं समुद्रात. तेव्हापासून मेशाक रोज पहाटे यायचा. सूर्य उगवायच्या आधी दोघांची तोंडं लाल."

हे इनिडला समजावून सांगायला नको होतं. आमच्याकडे भांडण असंच मिटतं. एकदा एका चुनाळ्यातून खाल्लं, की समोरच्यानं चुनाळं पुढे केल्यावर नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं की मिटलेलं भांडण पुन्हा पेटलं असं सगळं गाव धरतं.

मेशाकचं घर मिशनच्या टेकडावर होतं. बेटाचा रेडिओ तोच सांभाळायचा. इनिड पोचली तेव्हा पेटी खरखरत होती. कोयागा बेटावरची कुणी बाई दुसऱ्या बेटावरच्या कुणाला आपल्या सुनेचं आळशीपण साग्रसंगीत ऐकवत होती. मेशाकनं बटण फिरवून आवाज बारीक केला. हडकुळा, नीटनेटका, पिकल्या केसांचा माणूस. तिला पाहून त्यानं चटई झटकली.

"बस पोरी. घे." त्यानं सुपारी, विड्याच्या वेलीची शेंग आणि भोपळ्याचं चुनाळं पुढे सरकवलं.

इनिडनं घेतलं. सुपारी दाढेखाली फोडली, शेंग चुन्यात बुडवून चावली. चुना चांगला झणझणीत होता.

"पोवळ्याचा?"

"शिंपल्यांचा. मी स्वतः भाजतो. पोवळ्याचा तोंड सोलतो." तो हसला. "ओबेदला माझाच आवडायचा."

"शेवटच्या पहाटे तू तिथे होतास?"

"आदल्या पहाटे होतो. बरं नाही म्हणाला. डोकं दुखतंय म्हणाला."

"नेटी त्याला गोळी द्यायची?"

मेशाकनं खांदे उडवले. "मी बाबा सुपारी खायला जायचो. नवराबायकोच्या मधलं मी कशाला बघू? माझ्या नजरेला तरी कधी गोळी पडली नाही."

"नेटी म्हणते, तुझ्यासमोर गिळायचा."

"तिला आता काहीतरी म्हणावंच लागणार ना." तो आवाज खाली आणून म्हणाला, "चांगली पोर आहे असं वाटायचं. पण म्हाताऱ्याशी लग्न, पोटात एक, ओठांत एक. कुणाच्या मनातलं कोण सांगणार?"

"मर्सीचे निरोप तूच पोचवायचास?"

"पेटी माझ्याकडे, मग दुसरं कोण? ऐकायचं आणि सांगायचं. निरोप्याला निरोपाचं पाप लागत नाही, सार्जंट पोरी."

इनिड टेकडावरून उतरायला लागली तेव्हा तिच्या मनात काहीतरी खुपत होतं. दातात अडकलेल्या धाग्यासारखं. जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जात होती.

खाली आरडाओरडा ऐकू आला आणि ती धावत सुटली. मर्सी शिपायाला ढकलून खोपीत शिरली होती. तिनं नेटीचे केस धरले होते.

"अंगभर डाग उठले होते त्यांच्या. तुला दिसले नाहीत?"

"दिसले. मी कळवलं तुला."

"मला? कधी? खोटारडे, एकदा तरी निरोप पाठवलास?"

"दोनदा पाठवला. आणि तूच उलट कळवलंस, की गोळीनं सुरुवातीला असे डाग येतात, काळजी करू नका. मी काय करायला हवं होतं? तू नर्स, मी कोण?"

मर्सीचा हात सुटला. "असं मी म्हणेन? डाग म्हणजे तर गोळी लागू पडत नसल्याची खूण. हे ऐकलं असतं तर मी त्याच दिवशी विमानात बसले असते."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. इनिड दारात धापा टाकत उभी होती. तिला त्या दोन चेहऱ्यांत एकही खोटा दिसेना.

"मर्सी, वेळ कधी बदलली?" तिनं विचारलं.

"कसली वेळ?"

"गोळीची. रात्रीची पहाट कुणी केली?"

"कुणी म्हणजे? रात्रीच घ्यायची. शेवटपर्यंत रात्रीच."

नेटीनं मान हलवली. "पहाटे. तूच सांगितलंस."

"मी नाही सांगितलं."

इनिडनं खोपीचा खांब धरला. "अगदी पहिल्यांदा तू रेडिओवर काय सांगितलंस, ते सगळं सांग. एक शब्द गाळू नकोस."

"रात्री झोपताना, पोट रिकामं असताना. दूध नको. जळजळीवरचं पांढरं औषध नको. आणि चुना नको." मर्सी आता चिडून भराभरा बोलत होती. "आमच्या डॉक्टरांना इथले पेशंट माहीत आहेत. त्यांनी मुद्दाम बजावलं होतं. चुना म्हणजे कॅल्शियमच. पोटात तो या गोळीला अशी मिठी मारतो, की गोळी रक्तात उतरतच नाही, तशीच बाहेर जाते. म्हणून दिवस मावळला की सुपारीला शिवायचं नाही. तीन वेळा सांगितलं मी हे. मेशाककाका म्हणाले, समजलं."

इनिड बाहेर गेली आणि तोंडातला लाल चोथा तिनं थुंकून टाकला. मग चूळ भरली. मग पुन्हा भरली.

"गिडियन," तिनं हाक मारली. "तुझ्या सगळ्या माणसांना घे. नेटीलाही आण. तिला धक्का लागला तर तुझी नवी होडी मी ठाण्याच्या अंगणात उलटी टांगीन. मिशनच्या टेकडावर चला."

"कशाला?"

"तुझ्या मामाला कुणी मारलं ते ऐकायला."

सगळं गाव मेशाकच्या अंगणात जमलं. तो ओसरीवर बसलाच होता. त्यानं चुनाळं मांडीशी ओढून घेतलं.

इनिडला भाषण करायची सवय नव्हती. ती पायरीवर उभी राहिली आणि गावाशी बोलावं तसं बोलली. ओबेदच्या गोळीचं काम तिनं मर्सीकडून ऐकलं तसं सांगितलं. हाडातला मगज, मोठ्या पेशी, दार ठोठावणं. मग म्हणाली, की नेटीनं गोळी दिली, ओबेदनं गिळली, दोघांनी काही कसूर केली नाही. पण रोज पहाटे गोळी पोटात जाते न जाते तोच वर चुना जात होता. गोळी पोटातच अडकून पडत होती. मगजाचं दार कुणी ठोठावत नव्हतं, आणि आतले राखणदार प्लेटलेट खात होते. हा माणूस रोज औषध घेत होता आणि रोज औषधावाचून मरत होता.

"चुना तर आम्ही सगळेच खातो," गिडियन म्हणाला. "मामा जन्मभर खात आला. आजाराच्या आधीपासून."

"आजारात खात नव्हता. हिरड्यांतून रक्त यायचं तेव्हा सुपारी चावणार कशानं? म्हणून गोळी पहिल्यांदा लागू पडली. बरा झाला, आणि मग नेमका मेशाक चुनाळं घेऊन मैत्री करायला आला. आणि नेमकी तेव्हाच गोळीची वेळ बदलली. रात्रीची पहाट झाली. कुणी बदलली? मर्सी म्हणते तिनं नाही. नेटी म्हणते तिनं डाग कळवले, मर्सी म्हणते मला कळलेच नाहीत. आता या दोघींपैकी एक खोटी असं तुम्ही सगळे धरून बसलात. मीही बसले होते. अरे, दोघी खऱ्या असतील तर? मग खोटा कोण उरतो?"

सगळ्यांच्या माना ओसरीकडे वळल्या.

मेशाक शांतपणे म्हणाला, "जे ऐकलं ते मी सांगितलं. पेटी खरखरते. चुन्याचं काही मला ऐकू आलं नाही. वेळ बदलल्याचं मर्सीच बोलली. ती आता नाकारते, कारण बाप गेला आणि दोष अंगावर येतो. तिचा शब्द आणि माझा शब्द, सार्जंट. कोर्टात काय सिद्ध करशील?"

"तेच बघूया," इनिड म्हणाली.

ती ओसरीवर चढली, रेडिओशी बसली आणि तिनं आवाजाचं बटण पार टोकाला फिरवलं. मग बोलायची कळ दाबली.

"वाबुनावरून सार्जंट लेबासी. जो कुणी ऐकतोय त्यानं बोला. ओबेद तौवालाच्या गोळीचा निरोप केर्न्सहून आला होता. कुणाला आठवतोय?"

पेटी नुसतीच खरखरली. मेशाकची मान ताठ झाली. मग ती सुनेला नावं ठेवणारी बाई गडगडली.

"कोयागावरून डोर्कस. आठवतोय की. दिवस मावळल्यावर सुपारी बंद, चुना बंद. आम्ही इथे हसून हसून लोळलो. म्हटलं, ओबेदला सुपारी बंद म्हणजे अर्धं मरण. बिचारा, ऐकलं मी. देव त्याला शांती देवो."

"स्पष्ट ऐकू आलं होतं?"

"शेजारी बसून बोलावं तसं. पोरीनं तीनदा सांगितलं. मेशाकनं समजलं म्हणून उत्तरही दिलं."

"नंतर गोळीची वेळ बदलल्याचा निरोप? अंगावर डाग आल्याचा निरोप?"

"नाही बाई. ओबेदच्या गोळीचा विषय पुन्हा निघालाच नाही. निघाला असता तर मला ठाऊक असतं."

आणि ते खरंच होतं. रेडिओवर एक बोलतो आणि अख्खा प्रांत ऐकतो. कुणाचं डुक्कर मेलं, कुणाची सून पळाली, सगळं सगळ्यांना ठाऊक. दिवसभर पेटीशी बसणारा मेशाक हे जाणून नव्हता असं कसं म्हणावं? पण खोटे निरोप त्यानं पेटीवर कुठे दिले होते? ते त्यानं टेकडावरून खाली येऊन तोंडानं दिले. न बोललेलं कुणी ऐकत नाही असं त्याला वाटलं. बेटाबेटांवर कान लावून बसलेल्या बायकांना काय बोललं गेलं नाही हेही कळतं, एवढं मात्र तो विसरला.

"अजून दोन बेटं बोलायच्या तयारीत आहेत," इनिड म्हणाली. "ऐकायचं?"

मेशाकनं हात वर केला. "पुरे. बंद कर."

त्यानं चुनाळं मांडीवरून उचलून खाली ठेवलं आणि मग तो बोलला तो गावाशी नव्हे, मर्सीशी.

"पहिल्यांदा मी खरंच विसरलो, पोरी. तुझा बाप तेव्हा सुपारी खातच नव्हता. दूध तेवढं लक्षात राहिलं. मग तो बरा झाला. एके दिवशी धक्क्यावर मी त्याला हसताना पाहिलं. मोठ्यानं, डोकं मागे टाकून. माझी अडेला रक्त वाहून गेली आणि ह्याचं रक्त थांबलं. तेव्हा मला तुझा निरोप आठवला. अख्खा आठवला."

"म्हणून तू मैत्री केलीस," इनिड म्हणाली. "केसानं गळा कापलास."

"हो कापला. रोज पहाटे माझ्या हातानं चुना भरवला. तो म्हणायचा, मेशाक, तू मोठ्या मनाचा. मी म्हणायचो, घे अजून. त्याच्या दंडावर पहिला डाग दिसला त्या दिवशी कितीतरी वर्षांनी मला नीट झोप लागली. होडीसाठी मी त्याचे पाय धरले होते. ठाऊक आहे होडी कशात गुंतली होती?" त्यानं नेटीकडे बोट केलं. "हिच्या लग्नाची डुकरं आणायला गेली होती. मी म्हटलं, माणूस पाठवून वाटेतून बोलाव. तो म्हणाला, डुकरं उन्हात मरतील."

नेटीनं तोंडावर हात घेतला. हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"आणि हिला मारायला निघाले होते ते?" मर्सीनं विचारलं. "ते तू बघत बसणार होतास?"

"बघणार होतो," मेशाक म्हणाला. "तिच्या डुकरांपायी माझी माणसं गेली. मी डूख धरला होता, पोरी. तो अर्धा ठेवता येत नाही."

गिडियन कोयता उचलून पायरी चढला. इनिड मध्ये उभी राहिली. तिनं कमरेच्या पिस्तुलावर हात ठेवला आणि मेशाकला बेडी घातली. पण धक्क्यापर्यंतची वाट लांब होती, आणि दोन्ही बाजूंना ओबेदच्या कुळाची माणसं दगड घेऊन उभी राहिली होती. मर्सीसुद्धा. पहिला दगड मेशाकच्या खांद्याला लागला. तो थांबला नाही, चुकवायलाही गेला नाही. इनिडला वाटलं, त्याला आता हेच हवंय. होडीपर्यंत हा जिवंत पोचत नाही.

तेवढ्यात नेटी गर्दीतून पुढे आली आणि मेशाकच्या शेजारून चालायला लागली. इतकी खेटून, की त्याला मारलेला दगड तिलाच लागावा.

"बाजूला हो," गिडियन ओरडला.

"सकाळी मला मारायला निघाला होतास," ती चालता चालता म्हणाली. "मी खोटी नव्हते. आता तुझा हात उठतो तरी कसा?"

गिडियनचा हात खाली आला. बाकीच्यांचेही आले, एकेक करत. मर्सीनं आपला दगड टाकला.

नेटी होडीत चढून मेशाकच्या समोर बसली. शिपायानं मशीन सुरू केलं. किनारा मागे पडला तसा मेशाक पहिल्यांदा तिच्याकडे बघून बोलला.

"मला कशाला वाचवलंस? मी तुझी दया मागितली नव्हती."

"दया कुणी केली?" नेटी म्हणाली. तिचा फुटलेला ओठ पुन्हा वाहायला लागला होता. तिनं तो मनगटानं पुसला. "दगड खाऊन तू आत्ता सुटला असतास. तसं नाही चालायचं. कोर्टात मी तुझ्यासमोर बसणार आहे. मी काही केलं नव्हतं, हे तुझ्या तोंडून जज्जाला सांगशील. मग तुरुंगात जाशील. आणि तिथे रोज पहाटे जागा होशील, म्हातारा होईपर्यंत."

मेशाकनं तोंड फिरवलं. इनिडनं आपल्या हातरुमालाची घडी नेटीच्या हातात दिली.